बुल्स सोवेटोला गेले, तो मोसम

२०१० च्या मे महिन्यात प्रिटोरियाच्या बुल्स या रग्बी संघाकडे सगळे काही होते, फक्त मैदान नव्हते. सुपर १४ या स्पर्धेच्या साखळी फेरीत तो अव्वल आला होता. अव्वल संघाला उपांत्य सामना आणि तो जिंकल्यास अंतिम सामनाही घरच्या प्रेक्षकांसमोर खेळायला मिळे. त्यासाठी संघ तीन-साडेतीन महिने जिवाचे रान करत. पण ११ जूनपासून दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक सुरू होणार होता, आणि बुल्सचे लॉफ्टस व्हर्सफेल्ड हे त्याच्या मैदानांपैकी एक होते. फिफाच्या अटींप्रमाणे ते आधीच मोकळे करून द्यावे लागले.

मग बुल्सच्या कारभाऱ्यांनी पर्यायी मैदान निवडले ते सोवेटोतले ओर्लँडो स्टेडियम. प्रिटोरियापासून ते जेमतेम सत्तर किलोमीटरवर आहे. रस्ता चांगला, गाडीने तासाभराचा. तरीही ही बातमी ऐकून देशभर लोक चकित झाले. का चकित झाले, ते समजून घेतल्याशिवाय या मोसमाची गोष्ट कळत नाही. आधी स्पर्धेबद्दल मात्र थोडे सांगायला हवे.

रग्बी युनियन हा खेळ १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. खेळाडूंनी पैसे घेणे नियमात बसत नव्हते. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक झाला आणि अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांच्या संघटनांनी रुपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दूरचित्रवाणी हक्कांचा करार जाहीर केला. दहा वर्षे, ५५ कोटी अमेरिकन डॉलर. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने हौशीपणाची अट काढून टाकली आणि १९९६ मध्ये तीन देशांतल्या बारा संघांची सुपर १२ सुरू झाली. २००६ मध्ये संघ चौदा झाले, म्हणून सुपर १४. न्यूझीलंडचे पाच, दक्षिण आफ्रिकेचे पाच आणि ऑस्ट्रेलियाचे चार.

आयपीएलची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हे संघ लिलावातून जन्मलेल्या फ्रँचाइझींसारखे वाटतील. तसे ते नव्हते. बुल्स म्हणजे जुन्या नॉर्दर्न ट्रान्सवाल प्रांताचा संघ. हा प्रांत १९३८ पासून करी कप खेळत आला, आणि करी कप ही प्रांतांची स्पर्धा आपल्या रणजी करंडकापेक्षाही चाळीसेक वर्षांनी जुनी. केपटाउनचे स्टॉर्मर्स म्हणजे वेस्टर्न प्रॉव्हिन्स. या दोघांचे वैर आजोबांकडून नातवाकडे आलेले. नव्या स्पर्धेने त्याला नव्या जर्सी आणि नवी नावे दिली, एवढेच.

या स्पर्धेतला प्रवास हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात जोहान्सबर्गमध्ये संध्याकाळचे पाच वाजतात, तेव्हा ऑकलंडमध्ये दुसऱ्या दिवसाची पहाट होऊन तीन वाजलेले असतात. दक्षिण आफ्रिकेचे संघ दरवर्षी हिंदी महासागर ओलांडून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सलग दौऱ्यावर जात आणि तिथे आठवड्याला एक सामना खेळत. झोपेचे गणित बिघडलेले, अंगावरची सूज उतरलेली नाही, अशा अवस्थेत शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांना पुन्हा एकमेकांवर धडकायचे. अनेक संघांचे मोसम या दौऱ्यातच मोडले. म्हणून शेवटी घरचे मैदान मिळणे ही फार मोठी कमाई होती.

२०१० च्या मोसमात खेळही बदलला होता. मुंबईत आझाद मैदानाला लागून असलेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात रग्बी चालते. ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना खेळाचे मूळ ठाऊक आहे. चेंडू हातात घेऊन पळायचे, पास मात्र मागच्या बाजूलाच द्यायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा. तो ट्राय, पाच गुणांचा. त्यानंतर गोलखांबांमधून मारलेल्या कन्व्हर्जनचे दोन आणि पेनल्टी किकचे तीन. पळणाऱ्याला टॅकल करून पाडले की चेंडूसाठी झोंबाझोंबी होते, आणि खरी लढाई तिथेच असते. आधीच्या मोसमात पाडणारा खेळाडू पडलेल्याला धरूनच चेंडूवर हात टाकायचा आणि पंच पुष्कळदा ते चालवून घ्यायचे. चेंडू घेऊन घुसणे धोक्याचे झाले, म्हणून दोन्ही संघ लांब किक मारत बसायचे. प्रेक्षक कंटाळले. २०१० मध्ये पंचांना सूचना मिळाली : पाडणाऱ्याने आधी पडलेल्याला सोडायचे, मगच चेंडूला हात लावायचा. नियमाच्या पुस्तकातले वाक्य जुनेच होते, अंमलबजावणी नवी होती. पण एवढ्याने चेंडू हातात ठेवणाऱ्यांना पुन्हा बळ आले आणि ट्राय वाढले.

याची झलक दुसऱ्याच आठवड्यात दिसली. जोहान्सबर्गमध्ये न्यूझीलंडच्या चीफ्सनी यजमान लायन्सना ७२–६५ असे हरवले. एका सामन्यात १३७ गुण! स्पर्धेच्या इतिहासात तोवर इतके गुण कधीच झाले नव्हते. लायन्सची कीव यावी असा हा सामना. ६५ गुण करून हरणे काय असते, ते त्या खेळाडूंनाच ठाऊक. स्पर्धेत चार ट्राय केले की एक बोनस गुण आणि सात किंवा कमी गुणांनी हरले तर आणखी एक, असा नियम होता. लायन्सनी दोन्ही मिळवले. विजय मात्र त्यांना त्या मोसमात मिळालाच नाही. तेराच्या तेरा सामने ते हरले.

बुल्सनी तेरापैकी दहा जिंकले आणि ४७ गुणांसह पहिला क्रमांक घेतला. हा संघ विसरता येणार नाही असा होता. कर्णधार व्हिक्टर मॅटफिल्ड लाइनआउटमधला जगातला सर्वोत्तम जाणकार मानला जाई. चेंडू बाजूच्या रेषेवरून आत फेकला जातो तेव्हा उंच उचललेल्या खेळाडूंमध्ये तो कुणाच्या हाती जाणार, हे त्याला समोरच्या संघाच्या पायांच्या हालचालीवरून कळायचे. त्याच्या जोडीला बाकीस बोथा, अंगमेहनतीची आणि धाकदपटशाची कामे करणारा. मागे फूरी डू प्रिए, खेळाची सगळी सूत्रे हाती ठेवणारा स्क्रम-हाफ. आणि त्याने दिलेला चेंडू पायाने खांबांमधून धाडणारा मॉर्ने स्टेन. स्टेनने त्या मोसमात २६३ गुण केले. एका मोसमात इतके गुण तोवर कुणीच केले नव्हते. किकपूर्वीची त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. चेंडू ठेवायचा, मोजकी पावले मागे, थोडी बाजूला, एकदा खांबांकडे नजर, मग मान खाली ती चेंडू सुटून गेल्यावरच वर. प्रिटोरिया आणि जोहान्सबर्गचा हा सगळा पठारी प्रदेश समुद्रसपाटीपासून बराच उंच, हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. पण नेम हवेमुळे लागत नाही, तो माणसाचाच असतो.

दौऱ्यावर बुल्स ऑकलंडच्या ब्लूजकडून आणि ब्रिस्बेनच्या रेड्सकडून हरले. रेड्सची प्रगती हे या मोसमातले मला सर्वांत आवडणारे उपकथानक आहे. आदल्या वर्षी ते तळाच्या जवळ होते. युअन मॅकेन्झी प्रशिक्षक म्हणून आले, विल गेनिया आणि क्वेड कूपर या तरुण जोडीला मोकळेपणाने खेळू दिले आणि संघ थेट पाचव्या क्रमांकावर आला. उपांत्य फेरी थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, चषक त्यांनीच उचलला. सिडनीचे वॉराटाज आणि न्यूझीलंडचे क्रुसेडर्स यांनी तिसरी आणि चौथी जागा घेतली. क्रुसेडर्सकडे तेव्हा सात विजेतेपदे होती, म्हणजे इतर कुठल्याही संघापेक्षा जास्त. रिची मॅकॉ आणि डॅन कार्टर हे त्या काळातले दोन थोर खेळाडू त्यांच्याकडून खेळत.

साखळीच्या शेवटच्या आठवड्यात केपटाउनला स्टॉर्मर्सनी बुल्सना ३८–१० असे धुतले. बुल्सचा पहिला क्रमांक आधीच पक्का असल्याने त्यांनी मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली होती, त्यामुळे या निकालाला फार वजन देऊ नये. स्टॉर्मर्सची खरी ताकद बचावात होती. त्यांच्यावर गुण चढवणे त्या मोसमात सर्वांत अवघड होते. शिवाय त्यांच्याकडे ब्रायन हबाना होता, जो आदल्या वर्षीपर्यंत बुल्सचाच हुकमी एक्का होता.

आता सोवेटोकडे वळू.

सोवेटो हे जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला वसवलेल्या कृष्णवर्णीयांच्या वसाहतींचे एकत्रित नाव. वर्णभेदाच्या राजवटीत सोन्याच्या खाणींसाठी आणि शहरातल्या कामांसाठी मजूर हवे होते, शेजारी मात्र नको होते, म्हणून त्यांना शहराबाहेर काढून इथे ठेवले. एकसारख्या छोट्या चार खोल्यांच्या घरांच्या रांगा, सुविधांची वानवा आणि रोजचा लांबचा प्रवास. १९७४ मध्ये सरकारने फर्मान काढले, की कृष्णवर्णीयांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवायचे. ही राज्यकर्त्या गोऱ्यांची भाषा. मुलांना तर सोडाच, अनेक शिक्षकांनाही ती नीट येत नव्हती. १६ जून १९७६ रोजी हजारो विद्यार्थी मोर्चाने निघाले. त्यांना पोहोचायचे होते ओर्लँडो स्टेडियमवर. तिथे सभा होणार होती. वाटेत पोलिसांनी गोळीबार केला. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन मेला. एक तरुण त्याला उचलून धावतो आहे आणि शेजारून त्याची बहीण रडत पळते आहे, हे सॅम न्झिमा यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गेले. त्यानंतर उसळलेल्या उद्रेकात शेकडो माणसे मारली गेली.

ती मुले ज्या स्टेडियमकडे निघाली होती, तेच हे स्टेडियम. १९५९ मध्ये बांधलेले, ओर्लँडो पायरेट्स या लोकप्रिय फुटबॉल क्लबचे घर. विश्वचषकाच्या तयारीत ते पाडून नव्याने उभारले, साधारण चाळीस हजार प्रेक्षकांचे. आणि २०१० मध्ये तिथे येणार होते बुल्स. आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांचा सर्वांत लाडका संघ, ज्याच्या प्रेक्षकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या प्रिटोरियातले सरकारी नोकर, पोलीस आणि लष्करातली माणसे असत. वर्णभेदाच्या काळात रग्बी हा सत्तेचा खेळ होता. कृष्णवर्णीय प्रेक्षक मैदानात आलाच तर वेगळ्या कोपऱ्यात बसून पाहुण्या संघाला प्रोत्साहन द्यायचा. केपटाउनमध्ये या परंपरेतून क्रुसेडर्सचे स्थानिक चाहते तयार झाले आणि राजवट गेल्यावरही ते आपल्या शहराच्या संघाविरुद्ध न्यूझीलंडच्या संघासाठी ओरडत राहिले. जखम किती खोल होती, ते यावरून कळावे.

१९९५ च्या विश्वचषकात नेल्सन मंडेला दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराची सहा क्रमांकाची जर्सी घालून एलिस पार्क मैदानावर आले, हे अनेकांना माहीत असते. तो क्षण मोठाच होता. पण तिथे सोवेटोत राहिलेला एक माणूस रग्बीच्या प्रेक्षकांकडे गेला होता. पंधरा वर्षांत ते प्रेक्षक सोवेटोकडे आले नव्हते. प्रिटोरियातल्या कित्येक गोऱ्या कुटुंबांनी जोहान्सबर्गला शेकडो खेपा घातल्या असतील, सोवेटोत मात्र कधी पाऊल ठेवले नव्हते. कायद्याने उभारलेली भिंत कायदा गेल्यावरही सवयीत आणि भीतीत उभी होती.

२२ मे रोजी उपांत्य सामन्यासाठी ते आले. निळ्या जर्सी, निळे रंगवलेले चेहरे, डोक्यावर बैलाची शिंगे लावलेली शिरस्त्राणे. स्टेडियमभोवती गाड्या लावायला पुरेशी जागा नव्हती, म्हणून दूरवर गाड्या ठेवून पुष्कळजण बसने आले. अनेकांना सोवेटोच्या गल्ल्यांतून चालत जावे लागले. आणि चालण्याने जे होते ते झाले. घरांच्या दारात उभ्या असलेल्या बायकांनी हात हलवले, कुणी खुर्च्या बाहेर काढल्या, कुणी निखाऱ्यांवर मांस भाजून विकायला ठेवले. शेबीनमध्ये, म्हणजे वस्तीतल्या घरगुती दारूच्या गुत्त्यांत, बिअरच्या बाटल्या हातात घेऊन शिंगेवाले पाहुणे यजमानांबरोबर नाचले. व्हुव्हुझेला हा फुटबॉलचा भोंगा; रग्बीच्या गोऱ्या प्रेक्षकांनी तो त्या दिवशी यजमानांकडून घेऊन फुंकला. सामन्यानंतर घाईने परतायला हवे होते, असे अनेकांना वाटलेच नाही. रात्री उशिरापर्यंत गर्दी वस्तीतच रेंगाळली.

मैदानात बुल्सनी क्रुसेडर्सना ३९–२४ असे हरवले. त्याच दिवशी केपटाउनच्या न्यूलँड्सवर स्टॉर्मर्सनी वॉराटाजना २५–६ असे रोखले. म्हणजे अंतिम सामना उत्तर आणि दक्षिणेच्या जुन्या वैऱ्यांचा, आणि तोही सोवेटोत. आता केपटाउनचे लोकही येणार होते.

२९ मेच्या त्या सामन्यात बुल्सनी पहिल्यापासून पकड घेतली. विंगवर खेळणाऱ्या फ्रान्स्वा हौगार्डने ट्राय केला. तो मुळात स्क्रम-हाफ, पण ती जागा डू प्रिएची, म्हणून संघाने त्याला विंगवर नेले, आणि हा निर्णय फळाला आला. उरलेले वीस गुण मॉर्ने स्टेनच्या पायाने जमवले. स्टॉर्मर्सचा संघ चेंडू हातात घेऊन चांगला खेळत होता, पण मोठ्या सामन्यात गरज असते ती प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची तत्काळ किंमत वसूल करण्याची, आणि त्यात स्टेनचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसऱ्या अर्धात हबानाने बुल्सचा पास मधल्या मध्ये उडवला आणि मोकळ्या मैदानात धावत जाऊन जुन्या संघाविरुद्ध ट्राय केला. तेवढ्यापुरती धाकधूक झाली. शेवटी २५–१७. बुल्सचे हे चार वर्षांतले तिसरे विजेतेपद. २००७ मध्ये डर्बनला शार्क्सविरुद्ध हबानानेच शेवटच्या क्षणी ट्राय करून ते एका गुणाने मिळवून दिले होते; २००९ मध्ये चीफ्सना ६१–१७ असे चिरडले होते. खेळाचा दर्जा पाहिला तर २००९ चा बुल्स अधिक भेदक होता, असे माझे मत आहे. तरीही लोक बोलतात ते २०१० बद्दल.

ते योग्यच आहे. मात्र या दोन शनिवारांनी देश बदलला, असे कुणी लिहिले तर मी ते मान्य करणार नाही. सोवेटोतल्या शाळांना त्यानंतर रग्बीची मैदाने आपोआप मिळाली नाहीत. तिकिटे घेऊन आत बसलेल्यांत बहुसंख्य गोरेच होते आणि दुसऱ्या दिवशी ते आपापल्या उपनगरांत होते. कृष्णवर्णीयांची रग्बी खरी रुजली होती ती ईस्टर्न केप प्रांतात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, आणि ती कुणाच्या मेहरबानीने रुजली नव्हती. तिथल्याच पोर्ट एलिझाबेथच्या झ्वीडे वस्तीत १६ जून १९९१ रोजी, म्हणजे सोवेटोच्या उठावानंतर बरोबर पंधरा वर्षांनी, सिया कोलिसी जन्मला. चांगल्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो वर आला, पुढे स्टॉर्मर्सकडून खेळला आणि २०१८ मध्ये कसोटीत दक्षिण आफ्रिकेचे नेतृत्व करणारा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. २०१९ आणि २०२३ चे विश्वचषक त्याच्याच हातात आले. असा खेळाडू घडतो तो शाळेत, पोटभर जेवणावर आणि वर्षानुवर्षांच्या सरावावर. एका सामन्याच्या उत्साहाने हे काम होत नाही.

पण जे घडले तेही कमी नव्हते. सरकारी समित्या, सद्भावना मेळावे आणि जाहिराती यांना जे साधले नव्हते, ते एका अडचणीने साधले. मैदान मिळेना, म्हणून संघ गेला. संघ गेला, म्हणून त्याच्यामागे माणसे गेली. आपल्या मर्जीने गेली, मुलांना खांद्यावर घेऊन गेली. ज्यांच्या भाषेच्या सक्तीविरुद्ध १९७६ मध्ये मुले रस्त्यावर उतरली होती, ती माणसे त्याच रस्त्यांवर पाहुणे म्हणून चालली आणि यजमानांनी त्यांना पाहुण्यासारखेच वागवले. मोठेपणा कुणाचा म्हणायचा, तर माझ्या मते आधी सोवेटोच्या रहिवाशांचा. त्यांना दार बंद करण्याची कारणे पुष्कळ होती.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघटनेने न्यूझीलंडविरुद्धची कसोटी सोवेटोच्या वेशीवरच्या एफएनबी स्टेडियमवर घेतली. ९४ हजारांहून अधिक लोक आले. दक्षिण आफ्रिका २२–२९ अशी हरली, पण रग्बीचा एवढा मोठा सामना सोवेटोत होऊ शकतो का, हा प्रश्न आता कुणी विचारत नव्हते.

सुपर १४ चा तो शेवटचा मोसम. २०११ मध्ये मेलबर्नचा संघ आला, संघ पंधरा झाले आणि स्पर्धेची रचना बदलली. पुढे ती वाढत वाढत अठरा संघांवर गेली, मग आक्रसली. २०१० मध्ये एकही सामना न जिंकलेल्या लायन्सनी २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा ते हरले. कोविडनंतर दक्षिण आफ्रिकेचे संघ या स्पर्धेतून बाहेर पडले. बुल्स आणि स्टॉर्मर्स २०२१ पासून आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या संघांबरोबर युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप खेळतात. सुपर १२ पासून चालत आलेल्या त्या जुन्या स्पर्धेचा चषक दक्षिण आफ्रिकेच्या संघाने जिंकला तो शेवटचा ओर्लँडो स्टेडियमवर, २९ मे २०१० रोजी.